धक्क्याखालचा गाळ

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी आणि मित्रहो,

आज गुरुवार. त्यामुळे दुपारी कोणी कोणी मासे खाल्ले, हा प्रश्न मी विचारत नाही. उगाच घरी गेल्यावर भांडणं लागायची. पण इथे बसलेल्या बहुतेकांचं रविवारचं जेवण कुठल्या ना कुठल्या धक्क्यावरून येतं, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हा विषय तुमच्यापुढे मांडताना मला मनापासून आनंद होतोय. माझी सगळी नोकरी बंदरांच्या तळाचा गाळ काढून तपासण्यात गेली. त्यात शिसं किती, तांबं किती, तेल किती, हे पाहण्यात. इतकी वर्षं तो गाळ हाताळल्यावर माझं एक मत ठाम झालं आहे. जुना मासेमारी धक्का नवा करायला घेतला की आपण छपरापासून सुरुवात करतो. ती गाळापासून करायला हवी. तळाची सफाई आणि वरचं बांधकाम हे एकच काम आहे. त्याचा नकाशा एक हवा, अंदाजपत्रक एक हवं आणि त्याला जबाबदार माणूसही एकच हवा. हे प्रत्यक्षात कसं करता येतं ते अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड या मासेमारी बंदराच्या उदाहरणावरून सांगायचं मी कबूल केलं आहे. त्याकडे येतेच. पण आधी आपल्या घरचं बोलू.

ससून डॉक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पाहिला नसेल त्यांनी कुलाब्याच्या बसमध्ये बसून त्याचा वास तरी घेतला असेल. 1875 साली अल्बर्ट ससून यांनी तो बांधला, आणि तो मासळीसाठी बांधलेला नव्हता. तो होता कापसाच्या व्यापारासाठी. पुढे तो पोर्ट ट्रस्टकडे गेला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला, मग व्हिक्टोरिया डॉक आला, मोठी जहाजं तिकडे वळली आणि कालांतराने ससून डॉक मच्छीमारांचा झाला. म्हणजे आज पहाटे ज्या भिंतीला बोटी लागतात, ती भिंत कापसाच्या गाठी डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. डिझेलचे ट्रॉलर, बर्फाच्या लाद्या फोडणारी यंत्रं, मासळी न्यायला आलेले टेम्पो, ओळीने बसून कोळंबी सोलणाऱ्या बायका, यातलं काहीच त्या आखणीत नव्हतं. तरी त्या जागेने हे सगळं सामावून घेतलं. जुन्या दगडी बांधकामाबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी. 2017 साली तिथे मोठं कलाप्रदर्शन भरलं, जुन्या गोदामांच्या भिंतींवर चित्रं रंगवली गेली आणि मुंबईतली किती तरी माणसं तेव्हा पहिल्यांदा आत आली. आत येऊन ती चित्रांकडे बघत होती. धक्क्याच्या कडेला उभं राहून खाली पाण्याकडे बघणारं मला फारसं कोणी दिसलं नाही.

तर धक्क्यावरून पाण्यात काय काय जातं? बोटीच्या तळात पाणी साचतं, त्यात इंजिनाचं तेल मिसळतं आणि ते पंपाने बाहेर फेकलं जातं. खलाशी ते हौसेने फेकत नाहीत. ते जमा करून घेणारी टाकी बहुतेक बंदरांत नसते, असली तरी तिला कुलूप असतं. इंजिन ऑइल बदललं की निघालेलं काळं तेल असतं. मासळी धुतलेलं पाणी, रक्त, खवले, आतडी. कोळंबी सोलली की वजनातला निम्म्याच्या आसपास भाग डोकं आणि कवच म्हणून बाजूला पडतो. विचार करा, मोसमात एका धक्क्यावर दिवसाला किती ढीग होत असेल. खरं तर त्या कवचातून कायटिन निघतं, त्यापासून कायटोसॅन बनतं, औषधांपासून शेतीपर्यंत त्याला गिऱ्हाईक आहे. पण ते ताजं असताना उचललं गेलं तर. उन्हात दोन तास पडलं की त्याची किंमत शून्य आणि दुर्गंधी अमाप. शिवाय तुटलेली नायलॉनची जाळी, थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या. आणि या सगळ्यावर शहराचं सांडपाणी, ज्याच्याशी कोळ्यांचा काही संबंध नाही, पण नाक मुरडताना नाव मात्र त्यांचंच घेतलं जातं. मला याचा फार राग येतो.

बोटीच्या रंगाचं वेगळं सांगायला हवं. बोटीच्या बुडाला शंख-शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून विषारी रंग लावतात. एके काळी जगभर त्यात ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी, वापरलं जायचं. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात कालवांची शेती त्यामुळे कोसळली. शिंपा वेड्यावाकड्या जाड होऊ लागल्या, पिल्लं धरेनात. तेव्हा 1982 मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर तो रंग बंद केला. दुसरीकडे समुद्री गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराचे अवयव वाढलेले सापडू लागले, आणि तेही पाण्यात नगण्य वाटावं इतकं विष असताना. शेवटी आंतरराष्ट्रीय करार होऊन 2008 मध्ये तो अमलात आला. आता कोणी म्हणेल, बंद झाला ना रंग, मग विषय संपला. पाण्यात संपला. गाळात संपत नाही. जिथे बोटी खरवडल्या गेल्या तिथल्या चिखलात रंगाच्या खपल्या पुरलेल्या राहतात आणि प्राणवायू नसलेल्या त्या काळ्या थरात हे रसायन वर्षानुवर्षं टिकतं.

तो थर काळा का असतो तेही थोडक्यात सांगते. कुजणारा माल इतका की तळाशी प्राणवायू उरत नाही. मग जे जिवाणू तिथे तग धरतात ते पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचा, आणि तोच वायू गाळातल्या लोहाशी मिसळला की काळा रंग येतो. धातू आणि तेल बारीक मातीच्या कणांना चिकटतात, म्हणून वाळूच्या बंदरापेक्षा चिखलाचं बंदर जास्त विष धरून ठेवतं. आपल्या मुंबईच्या बाजूला उधाणाची भरती-ओहोटी साडेचार मीटरच्या आसपास जाते. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं. लोकांना वाटतं, समुद्र सगळं धुऊन नेतो. पण धक्क्याची खाडी मुद्दाम अशी बांधलेली असते की आत पाणी शांत राहावं. जिथे पाणी शांत तिथे गाळ बसतो. बोटींना जो आसरा आपण देतो तोच गाळालाही मिळतो.

आता माझी एक जुनी तक्रार सांगते. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. कोकणातलं एक बंदर. नाव घेत नाही, तिथली माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि नंतर त्यांनीच ते निस्तरलं. तिथे आधुनिकीकरणाचा पैसा आला. धक्का जुना झाला होता, काँक्रीटमधल्या सळ्या गंजून बाहेर आल्या होत्या, काम करणं गरजेचंच होतं. नवा लिलाव हॉल उभा राहिला. उंच छप्पर, पांढऱ्याशुभ्र चकचकीत लाद्या, उद्घाटन, फुगे, फोटो. त्यानंतर काही दिवसांनी मला पाण्याचे नमुने घ्यायला बोलावलं गेलं. मी पहाटे पोचले तर हॉलमध्ये सगळीकडे गोणपाटं अंथरलेली. एका मावशींना विचारलं, मावशी, एवढ्या सुंदर लादीवर हे गोणपाट कशाला? त्या म्हणाल्या, “सायेब बाई, तुमच्या लादीवर म्हावरा दिसतो बेस, पन पाय ठरत नाय.” ओल्या, मासळीचं तेल सांडलेल्या गुळगुळीत लादीवर डोक्यावर पाटी घेऊन चालायचं म्हणजे काय, याचा विचार लादी निवडताना झालाच नव्हता. आणि गोणपाट अंथरल्यावर तो हॉल धुणार कसा? गोणपाटात सगळी घाण मुरणार.

हे निदान डोळ्यांना दिसणारं. हॉलचा उतार समुद्राकडे होता आणि गटाराचं तोंड थेट धक्क्याच्या पाण्यात. लिलावानंतर हॉल धुतला की सगळं रक्त-पाणी बंदरात. आणि त्याच भिंतीच्या टोकाला एक पंप बसवला होता, जो बंदरातलंच पाणी खेचून हॉल धुवायला आणि क्रेट विसळायला द्यायचा. सुरुवातीच्या बैठकीत मी विचारलं होतं, नमुने गाळाचेही घेऊ या का? मला उत्तर मिळालं, ती बाब वेगळ्या शीर्षाखाली येते, पुढच्या टप्प्यात बघू. 1997 मध्ये स्वच्छतेच्या कारणावरून युरोपने आपल्या मासळीची आयात बंद केली होती, तेव्हा निर्यात करणाऱ्या कारखान्यांनी रातोरात आपली व्यवस्था बदलली. कारखान्याच्या दारापर्यंत सुधारणा आली. धक्क्यापर्यंत ती का येऊ नये? मासळी आधी धक्क्यावरच उतरते ना?

पण मला सर्वांत जास्त लागली ती तिथली जेट्टी. नवी जेट्टी खांबांवर उभी केली, ती त्या वेळी तळ जिथे होता ते धरून. जिथे गाळ आधीच भरपूर साचलेला होता, त्याच पातळीला ‘तळ’ मानून सगळी गणितं झाली. पुढे आणखी गाळ आला, ओहोटीला बोटी टेकू लागल्या, नाखवा लोक, म्हणजे बोटवाले, वैतागले, गाळ काढायचं यंत्र मागवलं. तेव्हा आराखडा करणारे म्हणाले, खांबांजवळ ठरलेल्या खोलीच्या खाली उपसायचं नाही, जेट्टीला धोका होईल. आणि ते बरोबरच होतं! खांबाभोवतीची माती काढली की त्याचा आधार जातो. मग गाळ काढला तो मधल्या भागातला. बंदराच्या मध्यभागी बोटी छान तरंगायच्या आणि ज्या जेट्टीला लागायचं तिथे मात्र टेकायच्या. उपसलेला गाळ कडेच्या मोकळ्या जागेवर टाकला. पावसाळा आला आणि त्यातला बराचसा पुन्हा बंदरात उतरला. मी त्या गाळाचे नमुने तपासले होते, त्यात काय होतं हे मला माहीत होतं. उन्हाळाभर त्या ढिगावर पोरं क्रिकेट खेळत होती.

या बंदरावर मी रागावून बोलतेय, पण तिथली माणसं वाईट नव्हती. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं होतं. छपरावाल्याने छप्पर, खांबवाल्याने खांब. गाळ कोणाच्याच वाट्याला आला नव्हता.

जाता जाता आणखी एक. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबईच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर समुद्रात पडले. तेव्हा लोकांनी मासे खाणं सोडलं, भाव पडले, आणि पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीनंतर जाळी टाकायच्या तयारीत असलेला कोळी किनाऱ्यावरच बसून राहिला. ते तेल सगळ्यांना दिसलं, त्याची बातमी झाली, आरडाओरडा झाला, तो व्हायलाच हवा होता. पण धक्क्यावर रोज थोडं थोडं सांडणाऱ्या तेलाची बातमी होत नाही. ते रोजचं तेल मोजायला शिका, एवढंच मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले.

आणि कोळंबी सोलणाऱ्या बायका. बर्फाच्या पाण्यात हात घालून तासन्‌तास बसतात, बोटांची कातडी सोलवटते. आधुनिकीकरणाच्या आराखड्यात त्यांची जागा कुठे असते, हे मी प्रत्येक वेळी नकाशावर शोधते. बहुतेक वेळा ती नसते. पार्किंग असतं. बसायला उंचवटा, वाहतं गोडं पाणी, सावली, स्वच्छतागृह आणि कवच टाकायला झाकणाचा डबा, एवढं केलं तरी पाण्यात जाणारा अर्धा कचरा जागच्या जागी थांबेल. पर्यावरणाचं काम म्हणून याकडे कोणी पाहतच नाही, पण…

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. बरं, मग न्यू बेडफर्ड.

मॅसॅच्युसेट्स राज्यात, अकुश्नेट नदीच्या मुखाशी हे शहर आहे. एकोणिसाव्या शतकात देवमाशाच्या शिकारीवर श्रीमंत झालं, आणि आज उतरवलेल्या मासळीच्या किमतीत वर्षानुवर्षं अमेरिकेत पहिलं येतं, मुख्यतः स्कॅलप या शिंपल्याच्या जोरावर. 1940 च्या दशकापासून 1970 च्या दशकापर्यंत तिथल्या विजेचे कपॅसिटर बनवणाऱ्या दोन कारखान्यांनी, एरोव्हॉक्स आणि कॉर्नेल-डुबिलिअर यांनी, पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, हे विषारी रसायन बंदरात सोडलं. 1979 मध्ये बंदरात मासे धरण्यावर बंदी आली, 1983 मध्ये ते अमेरिकेच्या सर्वाधिक दूषित स्थळांच्या यादीत गेलं. बोटी स्कॅलप आणतात ते दूर खोल समुद्रातून, त्यामुळे धंदा टिकला. पण धक्का विषारी गाळावर उभा, आणि गाळ विषारी म्हणून तो उपसून टाकायला जागा नाही, म्हणून बंदर उथळ होत गेलं. तिढा नेमका आपलाच आहे, फक्त विषाचं नाव वेगळं.

त्यांनी काय केलं ते भराभर सांगते. पहिली योजना अशी होती की सर्वांत विषारी गाळ शहरातच भट्टीत जाळायचा. लोकांनी ती हाणून पाडली, आणि त्यानंतर रहिवाशांना सोबत बसवूनच पुढचे निर्णय झाले. 1998 च्या योजनेत एक फार शहाणी तरतूद झाली. बोटींसाठी खोली वाढवायला जो गाळ काढायचा, ते काम राज्य आणि शहराने सफाईच्या कामाला जोडून घेतलं. एकाच चौकटीत दोन्ही. मग गाळ ठेवायचा कुठे? बंदराच्याच तळाशी खोल खड्डे घेतले. वरचा दूषित थर आधी काढला, खालची स्वच्छ वाळू-माती बाहेर काढली, रिकाम्या खड्ड्यात दूषित गाळ भरला आणि वरून स्वच्छ मातीने झाकायचं. सगळाच गाळ असा पुरला नाही. जो फार विषारी तो पाणी काढून दूरच्या सुरक्षित जागी पाठवला. 2012 मध्ये कारखान्याच्या वारस कंपनीशी 36 कोटी डॉलरहून मोठी तडजोड झाली, तोवर पैशाअभावी रखडलेल्या उपशाने वेग घेतला आणि 2020 मध्ये पाण्याखालचा मुख्य उपसा संपला. त्याच सुमारास उत्तरेकडच्या धक्क्याची भिंत वाढवायला केंद्राचा निधी मिळाला होता, कारण तिथे जागेअभावी बोटी एकीला एक अशा रांगेने बांधाव्या लागायच्या. क्रम बघा. आधी तळ, मग भिंत, मग भिंतीवरचं काय ते.

याचं आपल्याकडे काय करायचं? धक्क्याचा आराखडा काढायच्या आधी संपूर्ण बंदरात चौकटी आखून नळीने गाळाचे उभे नमुने घ्या. नुसता वरचा चिखल खरवडून चालणार नाही, कारण जुनं विष खाली असतं. त्यावरून गाळाची प्रतवारी करा. बराचसा साधा असतो, तो भरावाला वापरता येतो. वाईट तेवढाच बंदिस्त ठेवा, म्हणजे खर्च आटोक्यात येतो. भविष्यात किती खोल उपसायचंय ते ठरवून भिंतीचा पाया त्या खोलीला आखा. ससून डॉकसारख्या जुन्या दगडी भिंतीच्या पायथ्याशी उपसायचं असेल तर आधी तिला आधार द्या. हॉलचं गटार धक्क्यात सोडू नका, आणि धुवायचं पाणी बंदरातून घेऊ नका. काळ्या तेलासाठी धक्क्यावर टाकी ठेवा आणि तेल आणून देणाऱ्याला पैसे द्या. केरळात कोल्लमच्या बंदरात 2017 पासून ट्रॉलरवाले जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत आणतात, बायका ते निवडतात आणि त्याचा चुरा रस्त्यात वापरला जातो. म्हणजे मच्छीमार ऐकत नाहीत, ही सबब कोणी सांगू नये.

काम कधी करायचं? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, म्हणून सगळे तेच दिवस सुचवतात. पण तेव्हाच सगळ्या बोटी आत नांगरलेल्या असतात आणि बाहेर लाटा यंत्र उभं राहू देत नाहीत. काम मोसमातच, अर्धा धक्का चालू ठेवून, दोन टप्प्यांत करावं लागेल. दुसरीकडे हलवलेल्या लिलावाची आणि सोलणाऱ्या बायकांच्या जागेची सोय आधी करावी लागेल. त्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून दाखवा.

आणि पैसा. न्यू बेडफर्डला बोट दाखवायला कारखाने होते. आपल्या धक्क्यात विष शहराचं, बोटींचं, जहाजांचं, सगळ्यांचं मिसळलेलं आहे, त्यामुळे भार सरकारलाच उचलावा लागेल. 2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून बंदरांना पैसा मिळत आला आहे. माझी मागणी एवढीच आहे की गाळाचा अहवाल जोडल्याशिवाय एकाही मासेमारी बंदराचं अंदाजपत्रक मंजूर होऊ नये, आणि तो अहवाल मराठीत लिलावाच्या जागी भिंतीवर लागावा. तुमच्या तालुक्यातल्या धक्क्याचं काम निघालं की ही मागणी तुम्हीही लेखी करा. अर्जाचा मसुदा मी वाचनालयात ठेवून जाते आहे. अध्यक्ष उठले आहेत, तेव्हा थांबते. नमुने घ्यायच्या नळ्या बाहेरच्या टेबलावर आहेत, ज्यांना बघायच्या असतील त्यांनी चहा घेता घेता या.